विभेदक-बंध

विभेदक-बंध : मोटारगाडीच्या चालक आसावरील दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दंतचक्रसंचास विभेदक म्हणतात, कारागीर व चालक यांच्या बोलण्यात तो ‘डिफरन्शियल’ होय. निसरड्या जमिनीवर हाच संच अडचणीचा ठरतो. तेव्हा तो तात्पुरता अडवून दोन्ही चाके एकाच गतीने फिरण्यास भाग पाडणारी योजना म्हणजे विभेदक-बंध आणि त्याला केवळ अंशतः अडविणारी योजना म्हणजे मर्यादित-घसरण विभेदक. या दोहोंपैकी कोणती निवडावी, हा प्रश्न सामान्यतः बर्फाळ मुलखातील मालमोटारींच्या संदर्भात चर्चिला जातो. जालना जिल्ह्यात बर्फ पडत नाही. परंतु पावसाळ्यात भिजलेली तेथील काळी माती चाकाखाली बर्फाच्या वाटेइतकीच अविश्वसनीय असते, आणि प्रश्नाचे यांत्रिक स्वरूप दोन्ही ठिकाणी एकच आहे.

बैलगाडीला विभेदकाची गरज कधी भासली नाही. तिची दोन्ही चाके स्थिर आसावर एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात, चाके नव्हे. चाकालाच ओढण्याचे काम दिल्यावर अडचण सुरू झाली. एका अखंड दांड्यावर दोन्ही चाके घट्ट बसविली, तर वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागत असल्याने एक चाक फरफटते. फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्यूर यांनी १८२८ मध्ये आपल्या वाफेच्या गाडीसाठी विभेदकाचे एकस्व घेतले. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये तीनचाकी सायकलीला विभेदक बसविला. मोटारगाडी आली तेव्हा हा संच तयारच होता आणि तिने तो जसाच्या तसा उचलला.

विभेदकाचा गुण आणि दोष एकाच गोष्टीत आहे. तो दोन्ही चाकांना फिरविणारा जोर, म्हणजे परिबल, नेहमी सारखेच वाटून देतो. एक चाक कठीण मुरुमावर आणि दुसरे चिखलात असेल, तर चिखलातील चाक जेवढा जोर पेलू शकते तेवढाच जोर मुरुमावरील चाकालाही मिळतो. मग चिखलातले चाक गरगरत राहते, चांगल्या जागी असलेले चाक स्वस्थ उभे राहते आणि चालकांच्या भाषेत गाडी ‘फसते’. चालक त्वरक जितका दाबील तितके ते चाक खोल जाते.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एकूण १० टन वजनाच्या मालमोटारीच्या मागील प्रत्येक बाजूवर ३ टन भार आहे. मुरुमावरील घर्षणांक ०·६ व चिखलातील ०·१ धरला, तर एक बाजू १,८०० किग्रॅ. आणि दुसरी केवळ ३०० किग्रॅ. जोर लावू शकते. साध्या विभेदकातून मिळणारा एकूण जोर ३०० ची दुप्पट म्हणजे ६०० किग्रॅ. एवढाच असतो. घट्ट बाजूला सैल बाजूच्या तिप्पट जोर देऊ शकणारा मर्यादित-घसरण विभेदक असल्यास तो १,२०० किग्रॅ. होतो. पूर्ण बंध घातल्यास दोन्ही बाजूंची पकड वापरली जाऊन २,१०० किग्रॅ. मिळतात. दहात एक अशा चढावर ही गाडी नुसती वर नेण्यास सु. १,००० किग्रॅ. लागतात, चाकांच्या लोळण्यास होणारा विरोध त्यात आणखी मिळवावा लागतो. पहिली गाडी अडकेल, दुसरी कशीबशी निघेल आणि तिसरी निर्वेधपणे चढेल. मात्र दोन्ही चाके ०·१ घर्षणांकाच्या पृष्ठावर असतील, तर तिन्ही गाड्यांना ६०० किग्रॅ. च मिळतात. बंध पकड निर्माण करीत नाही. असलेली पकड तो वाया जाऊ देत नाही, एवढेच. विक्रेत्यांच्या बोलण्यात हा भेद बहुधा राहून जातो.

पूर्ण बंध रचनेने सरळ आहे. दातेरी कडे सरकवून एका बाजूचा आसदंड विभेदकाच्या पेटीशी जोडला, की आतील दंतचक्रे निष्क्रिय होतात. हे कडे पायाने, हाताने वा दाबाखालील हवेने सरकविता येते. मर्यादित-घसरण प्रकाराचा उगम वेगळ्या गरजेतून झाला. शर्यतीच्या गाड्यांचे एक चाक भरवेगात गरगरू लागे, म्हणून जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांच्या मागणीवरून झेडएफ या कंपनीने १९३० नंतरच्या दशकात तसा विभेदक तयार केला. अमेरिकेत तो १९५६ मध्ये स्टुडबेकर-पॅकार्डच्या गाड्यांत आला. १९५८ मध्ये व्हर्नन ग्लीझमन यांनी मळसूत्री दंतचक्रांच्या रचनेचे एकस्व मिळविले. पुढे ती टॉर्सन या नावाने प्रसिद्ध झाली. क्लचच्या तबकड्यांचा प्रकार विशेष प्रचलित आहे. पण त्या तबकड्या झिजतात आणि तेलही विशिष्ट प्रतीचे लागते. मळसूत्री प्रकारात झीज कमी असली, तरी एक चाक हवेत लोंबकळू लागले की तो जवळजवळ निरुपयोगी होतो, कारण शून्याची तिप्पटही शून्यच. वेगासाठी जन्मलेली ही योजना जड व संथ मालमोटारीला पुरेशी पडली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती : औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील तालुके वेगळे काढून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती जिल्ह्यात विस्तृत प्रमाणात आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट प्रकारची चिकणमाती पाणी शोषून फुगते. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळून दगडासारखी कठीण होते. भिजल्यावर ती टायरच्या खाचांत घट्ट बसते आणि काही फेऱ्यांतच नक्षीदार टायर गुळगुळीत टायरासारखे वागू लागते. बर्फ निदान टायरला असा चिकटून राहत नाही.

निझामाच्या राज्यात जालन्याला १९०० च्या सुमारास रेल्वे आली. निझाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली; परंतु त्या काळची मोटार वाहतूक पक्क्या सडकेपुरती होती. सडक सोडल्यानंतरची वाट बैलगाडीची, आणि लोखंडी धावेच्या चाकांनी तिला पडलेल्या खोल चाकोऱ्या पावसाळ्यात पाण्याने भरत. चाकोरीत एका बाजूने उतरलेली मालमोटार म्हणजे वर दिलेल्या उदाहरणातील गाडीच. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात रस्त्यांची कामे फार मोठ्या प्रमाणावर निघाली. त्यांतील पुष्कळशी मातीकाम व मुरूम यांपुढे गेली नाहीत. उन्हाळ्यात त्यांवरून मालमोटारी खेड्यापर्यंत पोचू लागल्या आणि पाऊस येताच तेथेच अडकू लागल्या.

१९७६ मध्ये जायकवाडी प्रकल्पाचे उद्‌घाटन झाले. पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी अंबड, घनसावंगी व परतूर या भागांत आल्यावर उसाची लागवड वाढली आणि अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊसतोडणी हिवाळ्यात होत असली, तरी कालव्याच्या पाण्याने फड ओलेच असतात. या शेतांत विभेदक-बंध प्रथम घरोघर परिचित झाला, तो मालमोटारीमुळे नव्हे तर ट्रॅक्टरमुळे. ट्रॅक्टरच्या आसनाजवळ टाचेने दाबावयाचा एक लहान पायटा असतो. तो दाबला की बंध बसतो. शिवाय ट्रॅक्टरच्या दोन्ही मागील चाकांना स्वतंत्र ब्रेक असल्याने अनुभवी चालक गरगरणाऱ्या चाकाचाच ब्रेक हलकेच दाबून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवितो. पुढे मोटारगाड्यांत इलेक्ट्रॉनिक घसरण-नियंत्रण आले, तेही तत्त्वतः हेच करते.

सर्वसाधारण मालवाहू मोटारींत मात्र बंध क्वचितच असे. मालकाचा हिशेब समजण्याजोगा आहे. वर्षातील बहुतेक दिवस गाडी डांबरी रस्त्यावर धावते आणि चार महिन्यांपैकी मोजक्या फेऱ्यांसाठी जादा खर्च त्याला परवडत नाही. त्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. मोसंबीचा आंबे बहार पावसाळ्याच्या उत्तरार्धात तोडणीस येतो. बागेपर्यंत गाडी गेली नाही तर माल डोक्यावरून किंवा ट्रॅक्टरने सडकेपर्यंत आणावा लागतो. विलंब झाल्यास फळे गळतात आणि व्यापारी भाव पाडतो. अडकलेल्या गाडीच्या चाकाखाली पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या वा गोणपाट घालण्याचा सर्वत्र रूढ असलेला उपाय मुळीच हास्यास्पद नाही. तो घर्षणांकच वाढवितो, जे कोणताही बंध करू शकत नाही. हिमालयातील चालक टायरांना साखळ्या बांधतात, त्यामागील तत्त्व हेच.

हिमालयाचा दाखला दुसऱ्या एका कारणासाठीही आवश्यक आहे. श्रीनगर-लेह मार्गावरील झोजी ला खिंडीसारख्या ठिकाणी मालमोटारीपुढे अडकण्यापेक्षा घसरून दरीत जाण्याचा धोका मोठा असतो. साध्या विभेदकाच्या गाडीचे एक चाक गरगरत असताना दुसरे बहुधा स्थिर राहून गाडीला आडवे सरकू देत नाही. बंध घातल्यावर दोन्ही चाके एकदम गरगरू लागली, तर हा आडवा आधार नाहीसा होतो आणि बाजूला कललेल्या रस्त्यावर गाडीची मागील बाजू उताराकडे सरकते. त्यातच बंध घातलेली गाडी सरळ जाऊ पाहते व वळण घेण्यास नाखूष असते. म्हणून गोठलेल्या, वळणावळणाच्या रस्त्यावर स्वतःहून बसणारा बंध धोक्याचा असून चालकाच्या हाती असलेला, हवा तेव्हा काढता येणारा बंध श्रेयस्कर होय; सतत पातळ बर्फावर मध्यम वेगाने जाणाऱ्या हलक्या वाहनाला मर्यादित-घसरण प्रकार सौम्य व सोयीचा पडतो. काळ्या मातीच्या सपाट शिवारात दरीचे भय नसल्याने हा विचार इतका कठोर राहत नाही. तेथे वेग कमी, भार जास्त आणि एक चाक संपूर्ण रुतण्याची शक्यता मोठी, त्यामुळे हाताने घालावयाचा पूर्ण बंधच योग्य ठरतो.

तो वापरण्याची रीतही ठरलेली आहे. बंध गाडी उभी असताना किंवा अत्यंत संथ असताना, चाक गरगरू लागण्यापूर्वी घालावा. गरगरत्या चाकावर घातल्यास दाते तुटतात वा आसदंड पिळवटून मोडतो. कठीण जमीन लागताच तो काढावा, अन्यथा वळणावर टायर घासतात आणि सर्व ताण दंतचक्रांवर येतो.

सन २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने अनेक गावे बारमाही रस्त्यांना जोडली. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यामुळे मालमोटार अडकण्याची जागा गावाबाहेरच्या सडकेवरून शेताच्या वाटेवर सरकली आहे. या वाटांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये शेत व पाणंद रस्त्यांची स्वतंत्र योजना आखली. खडी व मुरूम वाहणाऱ्या, मागे दोन चालक आस असलेल्या टिपर गाड्यांत आता चाकांमधील बंधाबरोबर दोन आसांमधील बंधही असतो. हे दोन्ही बंध नसल्यास चार चालक बाजूंपैकी एकच रुतली तरी उरलेल्या तिन्हींचा जोर तिच्याइतकाच उतरतो.