ब्राइट बार म्हणजे काय? कोल्ड फिनिश्ड स्टीलची सोपी माहिती

इंकजेट प्रिंटरचं झाकण कधी उघडून बघितलंय? शाईचं हेड अनेकदा एका चकचकीत दांड्यावरून इकडून तिकडे पळतं. तो दांडा मध्येच जाड, मध्येच बारीक असता, तर छपाई बिघडलीच असती. अशा कामांसाठी कोल्ड फिनिश्ड स्टील लागतं. वर्कशॉपमध्ये त्याला ‘ब्राइट बार’ म्हणतात.

काळा बार आणि ब्राइट बार

स्टील साधारण १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअसला तापवून रोलमधून काढलं की काळा बार मिळतो. त्यावर खपली असते आणि थंड होताना तो आकसतो, म्हणून माप नेमकं येत नाही. २० मिमीच्या काळ्या बारमध्ये अर्धा मिमी कमी-जास्त चालतो. त्याच मापाच्या ‘एच ९’ दर्जाच्या ब्राइट बारला फक्त ०.०५२ मिमीपर्यंत कमी असण्याची सूट असते. म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी!

कसा बनतो?

१. ॲसिडने किंवा शॉट ब्लास्टिंगने खपली काढतात.
२. टोक बारीक करून बार न तापवता कार्बाइडच्या डायमधून ओढतात.
३. मग तो सरळ करून कापतात.

काही बार ओढण्याऐवजी टर्निंग आणि ग्राइंडिंग करून बनवतात.

ताकद का वाढते?

तार एकाच जागी दोन-तीनदा वाकवा, तिथे ती कडक होते. डायमधून ओढताना बारचंही तसंच होतं. ताकद वाढते, पण वाकण्या-ताणण्याची क्षमता कमी होते. नुसत्या टर्निंगने मात्र ताकद वाढत नाही.

कुठे वापरतात?

• मोटरचे शाफ्ट
• पिना, बुश, नट-बोल्ट
• हायड्रॉलिक फिटिंग

सीएनसी लेथवर भराभर पार्ट काढायचे असतील तर सल्फर असलेलं स्टील घेतात. त्याची चिप छोटी तुटते, टूलही जास्त टिकतं.

या चुका टाळा

• ओढलेल्या बारमध्ये आत ताण साठलेला असतो. एकाच बाजूने लांब की-वे कापला तर सरळ शाफ्ट वाकू शकतो. आधी स्ट्रेस रिलीव्ह करून घ्या.
• वेल्डिंग केलं की ओढून मिळालेली ताकद त्या जागी कमी होते.
• चकाकतं म्हणजे स्टेनलेस नव्हे! साधा ब्राइट बार गंजतो, त्याला तेल लावून ठेवा.

थोडक्यात, गेट-ग्रिलला काळा बार पुरतो. जिथे माप चुकलं की मशीन अडतं, तिथे ब्राइट बारचे जास्तीचे पैसे वसूल होतात.