पाटीवरचे ठळक अक्षर

बेळगाव-निपाणी भागात पाटीवरील अक्षराकडे केवळ सजावट म्हणून कोणी पाहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने हा मुलूख मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून कोणती लिपी वर, कोणती खाली, कोणती जाड, कोणती बारीक, हे मानाचे प्रश्न झाले. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूर गावातील ‘महाराष्ट्र राज्य’ असा उल्लेख असलेला फलक न्यायालयाच्या आदेशावरून हटविण्यात आला, तेव्हा ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. अक्षरात एवढे बळ येते कोठून, हे पाहण्यासाठी ठळक अक्षराचा इतिहास उलगडावा लागतो.

हे अक्षर बाजारात जन्मले. ग्रंथांतील रोमन अक्षरांची पावले नाजूक असतात; भिंतीवरच्या जाहिरातीत ती दुरून दिसेनाशी होतात. म्हणून १८१५ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स याने दांड्याइतक्याच जाड, चौकोनी पावलांचा टाइप ओतला. पुढे १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली याच्या ओतशाळेने ‘क्लॅरेंडन’ हा टाइप नोंदविला. त्यास तीन वर्षांचे संरक्षण मिळाले. मुदत संपताच इतरांनी त्याच्या नकला केल्या. तिरप्या वळणाची परंपरा त्याहून जुनी. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशियस याने धावत्या हस्ताक्षराच्या धर्तीवरील टाइपात ग्रंथ छापला होता. जाडी, चौकोनी पावले आणि तिरकेपणा एकत्र आले, आणि दुरून हाक मारणारे अक्षर तयार झाले.

देवनागरीला मात्र पावले नाहीत. तिचा भार शिरोरेषेवर असतो. अक्षरे त्या रेषेला लोंबकळतात. तिरपे केल्यास दांडे कलतात, शिरोरेषा आडवीच राहते, आणि वेलांटी, मात्रा, रफार जागा सोडू लागतात. मराठीचे धावते वळण मोडीत होते. विल्यम केरीचा १८१० चा मराठी कोश श्रीरामपूरला मोडी टाइपात छापला गेला. परंतु मुद्रणात बालबोधच टिकली. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी चौधरी आणि त्यांचे कुशल सहकारी राणोजी रावजी आरू यांनी तिला जे रेखीव रूप दिले, ते लिपीच्या स्वभावातून आले होते.

शेजारची कन्नड लिपी गोलाईची. तिला अखंड शिरोरेषा नाही. तिची जाडी तिच्या वळणातूनच यावी लागते. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्याने फलकावर साठ टक्के कन्नड आणि तीही वरच्या अर्ध्या भागात असावी, असे ठरविले. कायदा जागा मोजून देऊ शकतो. वळण जपणे कारागिराच्या हाती असते. उरलेल्या जागेत शिरोरेषा सरळ आणि मात्रा स्वच्छ राहिली, तर निपाणीच्या बाजारातील वाटसरूला आपली भाषा दुरूनही ओळखू येते.