द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स

ॲगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) या इंग्लिश लेखिकेची पहिली प्रकाशित रहस्यकादंबरी. बेल्जियमच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेला आणि पहिल्या महायुद्धात निर्वासित होऊन इंग्लंडच्या आश्रयास आलेला अन्वेषक एर्क्यूल प्वारो हा वाचकांच्या दृष्टीस प्रथम पडला तो या कृतीत. लेखन १९१६ मधील. ग्रंथरूपाने ती अमेरिकेत १९२० साली व इंग्लंडमध्ये १९२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली.

कथानक : एसेक्स परगण्यातील स्टाइल्स कोर्ट या वाड्याची धनाढ्य मालकीण एमिली इंगलथॉर्प, जिने उतारवयात आपल्याहून पुष्कळ लहान असलेल्या गृहस्थाशी पुनर्विवाह केला आहे, ती एका रात्री बंद खोलीत आचके येऊन मरण पावते. संशय पतीवर, सावत्र मुलांवर आणि मृत्युपत्रांच्या घोळामुळे जवळजवळ सगळ्याच घरावर येतो. रणांगणावरून जखमी होऊन परतलेला हेस्टिंग्ज हा निवेदक आहे. याच बाईच्या औदार्यामुळे गावात आसरा मिळालेला प्वारो तपासात उतरतो तो कृतज्ञतेपोटी. अपराध्यांची नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही. परंतु एकदा निर्दोष ठरलेल्या आरोपीवर त्याच गुन्ह्याची फिर्याद पुन्हा चालू शकत नसे, हा तत्कालीन इंग्लिश कायद्याचा दंडक ध्यानी ठेवून स्वतःची अटक ओढवून घेऊ पाहणारा गुन्हेगार, आणि हा डाव ओळखून ती अटकच लांबणीवर टाकणारा अन्वेषक, हा पेच नवोदित लेखनात क्वचितच आढळणाऱ्या परिपक्वतेचा आहे.

विषप्रयोग व औषधशास्त्र : समीक्षकांनी प्वारोच्या मिशांवर जेवढी शाई खर्च केली तेवढी या अंगावर केलेली नाही; वस्तुतः कादंबरीचा कणा हाच होय. टॉर्की येथील युद्धकालीन रुग्णालयात प्रथम शुश्रूषेचे आणि पुढे औषधशाळेत मिश्रणे तयार करण्याचे काम ख्रिस्ती यांनी केले, आणि १९१७ मध्ये त्या विषयाची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. काजऱ्याच्या बियांतून निघणारे स्ट्रिक्निन त्या काळी अत्यल्प मात्रेत शक्तिवर्धक औषधांत घालीत. अशा औषधाच्या बाटलीत झोपेच्या पुडीतील ब्रोमाइड मिसळले, तर पाण्यात सहजासहजी न विरघळणारे स्ट्रिक्निन ब्रोमाइड तयार होऊन त्याचे स्फटिक तळाशी साक्यासारखे बसतात. बाटली न हलवता रोजची मात्रा घेत गेल्यास वरचे डोस निरुपद्रवी ठरतात, आणि शेवटच्या डोसात सगळे विष एकवटते. त्यामुळे मृत्यूच्या घटकेला खुनी कित्येक कोस दूर असू शकतो. ‘बाटली हलवून घ्यावी’ ही सूचना कंपाउंडर चिठ्ठीवर का लिहितो, याचे इतके भीषण स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतही मिळणार नाही. औषधविक्रेत्यांच्या व्यवसायाला वाहिलेल्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’ने विषांच्या अचूक हाताळणीबद्दल कादंबरीची प्रशंसा केली, आणि लेखिकेला तिचे विशेष अप्रूप वाटले.

उगम व प्रकाशन : वाचकाला उकलता येणार नाही अशी रहस्यकथा तुला साधणार नाही, असे थोरली बहीण मॅज हिने म्हटल्याचे ख्रिस्ती सांगतात. उत्तरार्ध त्यांनी डार्टमूरच्या माळावरील एका हॉटेलात राहून लिहिला. मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलात १९११ मध्ये एका इंग्रज स्त्रीचा विषप्रयोगाने झालेला मृत्यू हा कादंबरीचा उगम म्हणून अनेक लेखांत सांगितला जातो. आत्मचरित्रातील हकीकत मात्र औषधशाळेपासून सुरू होते. प्रकाशकांनी हस्तलिखित नामंजूर केल्यावर ‘बॉडली हेड’च्या जॉन लेन यांनी ते दीर्घकाळ दप्तरी ठेवून अखेर स्वीकारले. करारनाम्यान्वये दोन हजार प्रती खपल्यावाचून मानधन नव्हते आणि पुढच्या पाच कादंबऱ्या त्याच प्रकाशकाला देणे भाग होते. लेखिकेच्या हाती पडले अवघे २५ पौंड, तेही क्रमशः प्रकाशनाच्या हक्कापोटी. लेन यांच्या सूचनेवरून न्यायालयातील साक्षीचा मूळ शेवट बदलून सर्व संशयितांना दिवाणखान्यात जमवून उकल सांगण्याची योजना आली, आणि पुढे प्वारोकथांचा तोच शिरस्ता पडला.

निवृत्त नायक : पहिल्याच पुस्तकात अन्वेषकाला निवृत्त दाखविल्याचा ख्रिस्ती यांना पुढे पश्चात्ताप झाला, कारण त्या हिशेबाने उत्तरकालीन कथांत त्याचे वय शंभरीपार जाते. ‘कर्टन’ (१९७५) या कादंबरीत तो स्टाइल्समध्येच मरण पावतो; त्या वेळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पृष्ठावर त्याचा मृत्युलेख छापला होता.

रूपांतर : दूरचित्रवाणी, १९९०, प्वारोच्या भूमिकेत डेव्हिड सूशे.