बेण्याच्या टाकीतला पारा आणि ताटातला मासा

मागच्या महिन्यात आमच्या घरात मासे आणणं बंद झालं. कारण काय, तर मोबाईलवर आलेला एक फॉरवर्ड. "माशात पारा असतो, पाऱ्यानं रक्ताच्या नळ्या बंद होतात, आजच सावध व्हा." आबांना दोन वर्षांपूर्वी ॲटॅक येऊन गेला. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मटण कमी करा, मासे खाल्ले तर चालतील. आता आई म्हणते, "नको रे बाबा ते मासे, आहे तेवढा माणूस जपू." तिचंही चूक नाही. पण फॉरवर्डवर घर चालवायचं नाही म्हणून मी वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की पाऱ्याची ही गोष्ट जपानइतकीच आपल्या कुरुंद्याच्या शिवारातूनही जाते. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मी सातवी-आठवीत असेन. गावात टोकाई कारखाना नव्हता, आमचा ऊस वसमतला पूर्णा कारखान्याला जायचा. लागवडीच्या दिवशी बांधावर अर्धा कापलेला ड्रम ठेवायचे. त्यात पाणी, पाण्यात डब्यातली पावडर. उसाची टिपरी त्यात बुडवून काढायची, म्हणजे बेणं कुजत नाही. हळदीच्या बेण्यालाही तेच. कुणी अ‍ॅरेटान म्हणायचं, कुणी एमिसान, त्याआधीची माणसं अ‍ॅगॅलॉल. बुडवायचं काम आमचं, पोरांचं. हातमोजे कुठले? संध्याकाळी उरलेलं पाणी ओढ्यात ओतायचं, ड्रम तिथंच विसळायचा, तिथंच हात धुवून भाकरी खायची. ही पावडर म्हणजे पाऱ्याचं संयुग होतं, हे मला चाळीशीनंतर कळलं. औषध सरकारमान्य होतं, कृषी खात्याच्या शिफारशीत होतं. डब्यावर कवटीचं चित्र असायचं, पण बाकी मजकूर वाचणार कोण?

वाचता न येणाऱ्या इशाऱ्याची सगळ्यात मोठी किंमत इराकनं मोजली. 1971 साली तिथं दुष्काळ होता. सरकारनं परदेशातून गव्हाचं बियाणं मागवलं. ते मिथाइल पारा लावलेलं होतं, ओळखू यावं म्हणून रंगवलेलंही होतं. पण पोत्यांवरच्या सूचना स्पॅनिश आणि इंग्रजीत. बियाणं पोचेपर्यंत बऱ्याच ठिकाणी पेरणीची वेळ निघून गेली होती आणि घरात खायला दाणा नव्हता. लोकांनी गहू धुतला, रंग गेला, वाटलं विषही गेलं. भाकऱ्या भाजल्या. त्रास लगेच होत नाही, काही आठवड्यांनी होतो, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. 6,530 माणसं दवाखान्यात दाखल झाली, त्यातली 459 दगावली. हा फक्त सरकारी दवाखान्यांतला आकडा.

आता मासा यात कुठून आला? त्यासाठी जपानच्या मिनामाता गावात जावं लागतं. तिथं चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना 1932 पासून पारा असलेलं सांडपाणी खाडीत सोडत होता. खाडीतले मासे खाणारी मांजरं आधी वेड्यासारखी नाचायला लागली. मग माणसांचे हात थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं. 1 मे 1956 रोजी या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. 1959 मध्ये कंपनीच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी एका मांजराला कारखान्याचं सांडपाणी घालून दिलेलं खाणं चारून पाहिलं. मांजर आजारी पडलं. कंपनीनं तो निष्कर्ष दाबला. सरकारनं कारण मान्य केलं सप्टेंबर 1968 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. तोवर आईच्या पोटातच विषबाधा झालेली लेकरं जन्माला आली होती.

यातलं गणित सोपं आहे. पाण्यात गेलेला पारा तळाच्या चिखलात बसतो. तिथले जंतू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात जातो, शेवाळ खाणाऱ्या किड्यात जातो, किडे खाणाऱ्या लहान माशात, लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशात. प्रत्येक पायरीवर साठा वाढतो. तो मांसात मुरतो, म्हणून मीठ-हळद चोळून किंवा उकळून जात नाही. एवढं फॉरवर्डमध्ये खरं आहे.

पण पाऱ्याचा पहिला घाव मेंदूवर आणि नसांवर, त्यातही पोटातल्या बाळावर. रक्तवाहिन्यांचं काय? ही भानगड जास्त गुंतागुंतीची आहे. 1970 च्या दशकात बांग आणि डायरबर्ग हे डेन्मार्कचे दोघं ग्रीनलंडला गेले. तिथले लोक मासे, सील खातात, रक्तात अमुक चरबी कमी आणि ओमेगा-3 जास्त, असं त्यांनी मांडलं. तिथून "मासा हृदयाला चांगला" ही गोष्ट जगभर गेली. मग 1995 मध्ये पूर्व फिनलंडमधून उलटी बातमी आली. तिथं 1,833 पुरुषांच्या केसांतला पारा मोजला होता. ज्यांच्यात तो जास्त, त्यांना ॲटॅकचा धोका साधारण दुप्पट. ते लोक तळ्यातले शिकारी मासे खात होते. 2011 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात मात्र नखांतला पारा आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला नाही. म्हणजे "पाऱ्यानं नळ्या बंद होतात" असं छातीठोक सांगण्याइतकं शास्त्र एका बाजूला झुकलेलं नाही.

रक्तवाहिन्यांच्या बाबतीत ज्यांच्यावर बोट जास्त ठामपणे ठेवलं जातं ते धातू वेगळेच. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2023 मध्ये तीन नावं घेतली: शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक. आणि कॅडमियम जमिनीतून ओढून पानात साठवणारं पीक कोणतं? तंबाखू.

इथं मी थांबलो आणि आबांच्या खिशाकडे बघितलं. मासे बंद झाले, पण पुडी चालूच होती. आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून नको ते बंद केलं होतं.

आता मासे परत सुरू आहेत. येलदरी-सिद्धेश्वरकडून येणारा रोहू, कटला. हे मासे शेवाळ, पाण्यातले बारीक जीव खातात, साखळीत खालच्या पायरीवर असतात. मरळ, शिंगाळा हे दुसरे मासे खातात, त्यातला मोठा, जुना मासा रोज नको. घरात बाळंतपण येणार असेल तर हे जास्त पाळा. ओमेगा-3 हवं असेल तर समुद्राचा बांगडा आणि तारली लहान असूनही त्यात पुढे आहेत. आणि तळून नाही, कालवण करून. आबांची पुडी? भांडण चालू आहे. आठवड्याला सातच्या दोनवर आली.

राहिला बेण्याचा पारा. इराक हादरलं 1972 मध्ये. मिनामाताच्या नावानं पाऱ्याविरुद्धचा जागतिक करार 2013 मध्ये झाला, भारतानं तो 2018 मध्ये मान्य केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं ज्या कीटकनाशकांवर बंदी घातली, त्यात आपल्या ड्रममधलं हे पाऱ्याचं औषधही होतं. इराकपासून मोजलं तर 46 वर्षं. एवढी वर्षं शेतकऱ्याच्या लेकरांनी त्यात हात घातले, आणि दोष द्यायला ओढ्याशिवाय कुणी उरलं नाही. त्या ओढ्यात पाणी ओतणाऱ्यांत मीही होतो, हे लिहून ठेवतो.

मित्रांनो, दोन कामं करा. गोठ्यात, माळ्यावर जुना डबा सापडला तर फोडू नका, जाळू नका, विहिरीत-ओढ्यात टाकू नका. बंद करून वेगळा ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारा. आणि आपण सगळे मिळून मागणी करू: आपल्या तलावांतल्या माशांची आणि गाळाची पारा-तपासणी व्हावी, आणि आकडा मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. मराठीत, कारण इराकच्या पोत्यांवरही सूचना होतीच.

तुमच्याकडे त्या पावडरला काय म्हणायचे? जाणत्या माणसांना विचारून खाली लिहा.