नायकाला पत्र लिहिणारे वाचक : पेरी रोडान, जर्मनी आणि आपण

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत शनिवारी वाचनाची बैठक असते. मागच्या महिन्यात एका मुलानं तोंडावरच विचारलं, "दादा, तुम्ही परग्रहावरच्या लढायांच्या गोष्टी कशाला वाचता? आपल्याला जातीशी लढायचंय. त्यात अंतराळ कुठून आलं?" प्रश्न रास्त होता. त्याला तिथं दोन वाक्यांत जे उत्तर दिलं, त्यानं माझंच समाधान झालं नाही. म्हणून हा लेख.

मी ज्या मालिकेबद्दल बोलतोय तिचं नाव पेरी रोडान. जर्मन भाषेतली ही युद्धप्रधान विज्ञानकथा-मालिका ८ सप्टेंबर १९६१ रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून दर आठवड्याला तिची एक पातळ, स्वस्त पुस्तिका निघते आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आपल्या आजोबांच्या पिढीनं जशा वाचल्या, तशी ही जर्मनीत वाचली गेली. सुरुवातीला तीस, फार तर पन्नास अंकांचा बेत होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिचा ३००० वा अंक आला, आणि आता तिनं ३३०० चा टप्पाही ओलांडलाय. जगभरात मिळून एक अब्जाहून जास्त प्रती खपल्या, असं प्रकाशक सांगतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा आकडा दुर्लक्षून चालत नाही. विद्यापीठातले लोक ज्याला कचरा म्हणतात ते कोट्यवधी लोक साठ वर्षं का वाचतात, हा समाजशास्त्राचाच प्रश्न आहे.

आधी १९६१ हे साल बघा. एप्रिलमध्ये युरी गागारिन अंतराळात गेला. त्याच महिन्यात जेरुसलेममध्ये आइकमनवरचा खटला सुरू झाला आणि ज्यूंच्या कत्तलीचा हिशोब जगासमोर मांडला जाऊ लागला. १३ ऑगस्टला बर्लिन शहराच्या मधून भिंत उभी राहायला लागली. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत पेरी रोडानचा पहिला अंक दुकानात आला. तो घेणारा पंधरा वर्षांचा मुलगा १९४६ च्या आसपास जन्मलेला. त्याचा बाप बहुधा हिटलरच्या सैन्यात होता आणि त्या काळाबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. देश हरलेला, दुभंगलेला, आणि दोन महासत्तांच्या अणुबॉम्बच्या मधोमध बसलेला.

अशा मुलाच्या हातात जी गोष्ट आली ती थोडक्यात अशी. अमेरिकन अंतराळ दलातला मेजर पेरी रोडान १९७१ साली चंद्रावर उतरतो. तिथं त्याला आर्कोन नावाच्या परग्रहवासी साम्राज्याचं अडकलेलं यान सापडतं. त्यातल्या क्रेस्ट या आजारी शास्त्रज्ञाला तो वाचवतो आणि त्यांचं तंत्रज्ञान मिळवतो. पण ते तो अमेरिकेला देत नाही. गोबीच्या वाळवंटात उतरून तो 'तिसरी सत्ता' स्थापन करतो, पश्चिमी गट, पूर्व गट आणि आशियाई गट यांच्यातलं अणुयुद्ध थांबवतो आणि सगळ्या मानवजातीला एकत्र आणतो. पुढं उभं राहतं सौर साम्राज्य. मग ग्रहाग्रहांवरच्या लढाया, आरमारं, महाकाय तोफा.

ही गोष्ट रचणारे दोन लेखक होते. वाल्टर एर्न्स्टिंग हा जर्मन सैन्यातून लढलेला आणि सोव्हिएत युद्धकैदेतून परतलेला माणूस. जर्मन लेखकाची विज्ञानकथा कुणी छापत नव्हतं म्हणून त्यानं 'क्लार्क डार्लटन' हे इंग्रजी नाव घेतलं. दुसरा कार्ल-हर्बर्ट शेर. त्याच्या कथांत दारूगोळा इतका असायचा की त्याला 'हँडग्रेनेड-हर्बर्ट' हे टोपणनाव पडलं.

आता वाचकांच्या मतांकडे येऊ, कारण माझा खरा विषय तोच आहे.

१९६० च्या दशकाच्या शेवटी जर्मन विद्यार्थी रस्त्यावर आले. व्हिएतनाम युद्धाला विरोध होत होता आणि 'बाबा, तुम्ही नाझी काळात काय करत होतात?' हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला. याच पिढीतल्या अभ्यासकांनी पेरी रोडानला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मिशाएल पेल्के आणि नॉर्बर्ट लिंगफेल्ड यांचं पुस्तक १९७० साली आलं, मानफ्रेड नागल यांचं १९७२ साली. विज्ञानकथेच्या आवरणाखाली कोणती विचारधारा विकली जाते याची त्यांनी चिरफाड केली. या मालिकेवरचा आरोप साधारण असा होता : एकच महापुरुष सगळ्यांचे निर्णय घेतो, लोक मागून चालतात, शत्रूशी बोलण्याआधी तोफ बोलते, आणि साम्राज्य हीच मानवजातीची प्रगती मानली जाते. हा जुनाच 'फ्यूरर' नवे कपडे घालून आलाय.

मी एक आंबेडकरवादी वाचक म्हणून या आरोपात आणखी दोन गोष्टी बघतो. पहिली, आर्कोनचे लोक ऐदी झाले ते का? कथा सांगते की तो वंशच थकला, क्षीण झाला. म्हणून तरुण, जोमदार मानवांनी वारसा घ्यायचा. वंश चढतो आणि वंश उतरतो ही भाषा आपण ओळखतो. एखाद्या समाजाची अवस्था त्याच्या व्यवस्थेत न शोधता त्याच्या रक्तात शोधायची, ही जातीच्या समर्थकांचीही आवडती युक्ती आहे. दुसरी गोष्ट अमरत्वाची. रोडानला आणि त्याच्या निवडक सहकाऱ्यांना मरण टाळण्याचं साधन मिळतं. अब्जावधी माणसं जन्मतात, मरतात. वर बसलेले मूठभर तेच राहतात. निवडणुका होतात आणि प्रत्येक वेळी रोडानच निवडून येतो. जो नेता मरत नाही आणि हरत नाही, त्याच्या राज्यात मतदानाला अर्थ काय उरतो?

पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आपणही एकतर्फी न्यायाधीश होऊ. मालिकेवर प्रेम करणारे वाचक त्या मालिकेत वेगळंच बघत होते. त्यांच्या लेखी ही युद्धाची कथा नसून अणुयुद्ध टळल्याची कथा होती. रोडानच्या अद्भुत शक्ती असलेल्या तुकडीत अनेक जण जपानी होते आणि त्या शक्तींचा संबंध हिरोशिमानंतरच्या किरणोत्साराशी जोडलेला होता. पराभूत जर्मनीच्या मुलाला इथं जर्मन, अमेरिकन, रशियन, चिनी ही ओळख पुसून 'टेरान' म्हणजे पृथ्वीवासी अशी एकच ओळख मिळत होती. बापाच्या राष्ट्रवादाची लाज वाटणाऱ्या मुलाला हा मोकळा श्वास होता. जन्मानं चिकटवलेली ओळख टाकून नवी, मोठी ओळख घेणं म्हणजे काय, हे १४ ऑक्टोबर १९५६ चा वारसा सांगणाऱ्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

मग खरं कोण, टीकाकार की चाहते? माझ्या मते दोघंही. मानवजात एक आहे हे स्वप्न बरोबर होतं. ते एका माणसाच्या हाती सोपवणं चूक होतं.

या भांडणाचं पुढं काय झालं, हा इतिहास आपल्या कामाचा आहे. मालिकेच्या अंकात वाचकांच्या पत्रांचं पान होतं. त्यात कौतुक यायचं, शास्त्रीय चुका दाखवल्या जायच्या, पात्रांवरून वाद व्हायचे. आत्लान या पात्राचं उदाहरण घ्या. १९६२ साली ५० व्या अंकात आलेला हा आर्कोनचा माणूस, रोडानचा प्रतिस्पर्धी. वाचकांना तो इतका आवडला की तो कथेत टिकलाच, शिवाय १९६९ पासून त्याच्या नावाची वेगळी मालिका निघाली. ज्या वंशाला कथेनं क्षीण ठरवलं होतं, त्यातलाच एक जण वाचकांनी रोडानच्या बरोबरीनं आणून बसवला!

पत्रांचं हे पान दीर्घकाळ सांभाळणारा माणूस होता विल्यम फोल्ट्झ. १९३८ साली जन्मलेला, म्हणजे युद्ध संपलं तेव्हा सात वर्षांचा. तो आधी चाहता होता, चाहत्यांच्या मंडळात लिहिणारा. तिथून तो मालिकेचा लेखक झाला आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर शेर बाजूला झाल्यावर संपूर्ण कथानकाची दिशा ठरवण्याचं काम त्याच्याकडे आलं. त्याच्या काळात मालिकेचा सूर बदलला. परका म्हणजे शत्रू हे समीकरण सैल झालं, बोलणी आणि समजून घेणं यांना जागा मिळाली. कथेत सौर साम्राज्य कोसळलं, त्याच्या जागी 'मुक्त टेरानांचा संघ' आला आणि त्याचं प्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं. मालिकेच्या लेखकांत मारियान झ्यूडो ही पहिली स्त्री आली तीही याच दशकात. १९८० साली १००० वा अंक फोल्ट्झनंच लिहिला. १९८४ साली, पंचेचाळिशीच्या आसपास, तो वारला.

सगळे वाचक खूश नव्हते. जुन्या वाचकांतल्या अनेकांना लढाया हव्या होत्या. नवं कथानक त्यांना फार वैश्विक, जवळजवळ आध्यात्मिक वाटायचं. हा वाद आजही संपलेला नाही. पण वाद चालू राहिला, म्हणून तर मालिका जगली.

हा बदल फोल्ट्झनं घडवला की काळानं? इथं मला बाबासाहेबांचं १८ जानेवारी १९४३ चं पुण्यातलं भाषण आठवतं, रानडे, गांधी आणि जिना यांच्यावरचं. इतिहास महापुरुष घडवतात की परिस्थिती, हा प्रश्न त्यांनी तिथं घेतला आणि माणसाचा वाटा पूर्णपणे नाकारला नाही. परिस्थिती दार उघडते, आत पाऊल माणसाला टाकावं लागतं. व्हिएतनाम, विद्यार्थी चळवळ, टीकाकारांची पुस्तकं आणि वाचकांची पत्रं यांनी दार उघडलं. फोल्ट्झनं पाऊल टाकलं. त्याच भाषणात बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेवर कठोर प्रहार केला होता, आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो हा इशारा दिला. पेरी रोडानचे टीकाकार जर्मनीत जे सांगत होते ते याहून वेगळं नव्हतं.

आणखी एक मुद्दा, तोही थोडा अवघड. १९७८ पासून या मालिकेच्या जुन्या अंकांची जाड पुस्तकं निघू लागली. फोल्ट्झनं ती संपादित करताना जुना मजकूर कापला, बदलला; विसंगती काढल्या, हिंसेची धार कमी केली. आजचा वाचक हीच पुस्तकं वाचतो आणि समजतो की मालिका पहिल्यापासून अशीच सौम्य होती. हेतू चांगला असेल, पण मला हे पटत नाही. जुना दोष पुसला की तो दोष दाखवणाऱ्यांचा संघर्षही पुसला जातो.

आपल्याला हे समजायला हवं, कारण मजकूर वाचवण्याची लढाई आपण लढलोय. १९८७ साली महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला तेव्हा राम आणि कृष्णावरचं प्रकरण काढून टाका अशी मागणी झाली. त्याविरुद्ध १९८८ च्या सुरुवातीला आपले लोक मुंबईत प्रचंड संख्येनं रस्त्यावर उतरले. त्यातल्या किती जणांनी तो खंड वाचला होता? कितीतरी जणांना तर अक्षरओळखही नसेल. तरी ते आले, कारण पुस्तकातलं पान फाडणं म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप घालून मजकूर राहिला. टीप घाला, प्रतिवाद करा, पण पान फाडू नका, हे त्या मोर्चानं शिकवलं.

आता अभ्यासिकेतल्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे. आपण बाबासाहेबांचे वाचक आहोत की प्रेक्षक? जयंतीला डीजे लावतो, मोबाइलवर फोटो ठेवतो, कुणी अपमान केला तर पेटून उठतो. पेटून उठलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण खंड उघडून, पेन्सिल घेऊन, समासात 'हे मला पटलं', 'हे समजलं नाही', 'इथं आजची परिस्थिती वेगळी आहे' असं लिहिणारे आपल्यात किती? आपल्या नेत्यांना प्रश्न विचारणारं पत्र आपण शेवटचं कधी लिहिलं? प्रश्न विचारणाऱ्याला आपण गद्दार म्हणतो की वाचक?

जर्मनीतल्या शाळकरी मुलांनी एका काल्पनिक नायकाबद्दल वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, भांडणं केली, आणि त्यांच्यातलाच एक जण उठून त्या नायकाला साम्राज्याच्या सिंहासनावरून खाली आणू शकला. आपला नायक काल्पनिक नाही. त्यानं सिंहासन कधी मागितलंही नाही. उलट आपल्याला भक्त होऊ नका म्हणून सांगितलं. मग त्याला देव्हाऱ्यात आपण का बसवतोय?

त्या मुलाला मी म्हणालो, पुढच्या शनिवारी १९४३ चं ते भाषण वाचून ये आणि त्यातलं न पटलेलं एक तरी वाक्य घेऊन ये. तो तीन घेऊन आला. दोन तास वाद झाला. त्याचं एक म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

जयभीम!