रायगडाची चढण

महाडाहून पाचाडास यावें, तों रायगडाचा कडा समोर उभा. हल्लीं रोपवेनें कांहीं मिनिटांत माथा गांठतां येतो. आम्हीं मात्र पायऱ्याच पत्करल्या. १६५६ सालीं जावळीच्या मोऱ्यांकडून घेतलेल्या या रायरीस शिवाजीमहाराजांनीं राजधानी कां केलें, हें महादरवाजाच्या प्रचंड बुरुजांखालीं धाप टाकीत उभें राहिल्यावर निराळें सांगावें लागत नाहीं.

मग असा गड पडला कसा? १६८९ सालीं तो वेढ्यानंतर मोगलांकडे गेला. १८१८ सालीं तर इंग्रजांस चढण चढण्याचें कारणच पडलें नाहीं. कर्नल प्रॉथरनें समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाड्यांना आगी लागल्या, आणि १० मे रोजीं गड त्याच्या हवालीं झाला.

महाराजांच्या समाधीचें दर्शन घेऊन आम्हीं पोटल्याकडे पाहिलें. १६७४ सालीं राज्याभिषेक झाला तेव्हां मधली दरी हेंच गडाचें संरक्षण होतें. दीडशें वर्षांत तोफेचा गोळा ती सहज ओलांडूं लागला. डोंगर तेच राहिले, शास्त्र पुढें गेलें; आणि आमचे लोक मात्र कड्यांच्या भरंवशावर स्वस्थ बसले. उतरतांना पाय दुखत होते. पण मनाला लागलेली चुटपुट त्याहून अधिक होती.