समोर बसलेलं माणूस

माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिना लागला की इथं माणसांची रीघ लागते, कारण अधिक महिन्याचा देव पुरुषोत्तम, आणि त्याच्या नावाचं देऊळ दुसरीकडे क्वचितच सापडतं. याच गावी रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२चा, म्हणजे इ.स. १३१०चा ताम्रपट मिळाला. इतिहासाचे अभ्यासक गावाला ओळखतात ते त्या ताम्रपटामुळे. मला मात्र अशा देवळातल्या मूर्तींपुढे उभं राहिलं की एक भलताच प्रश्न पडतो: ही घडवणाऱ्याच्या समोर त्या वेळी कोण उभं होतं?

कुणीच नाही. त्याला माणूस नको होता, मापं पुरत होती. मूर्तिशास्त्रात चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, आणि एक ताल म्हणजे बारा अंगुळं. देवाचं अंग नवताल, म्हणजे १०८ अंगुळांचं. कुठल्या हातात काय, कटी किती वळलेली, डोळा किती मिटलेला, हे सगळं ठरलेलं. ध्यानाचा श्लोक पाठ असला की कारागीर दगडाला हात घालायचा. खांदा सुंदर हवा तर तो हत्तीच्या गंडस्थळासारखा करायचा, शेजारच्या गणप्याच्या खांद्यासारखा नव्हे.

म्हणून आपल्याकडे समोरच्या माणसाकडे बघून चित्र काढतच नसत, असं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात चित्रांचे प्रकार दिले आहेत. त्यांतला ‘विद्धचित्र’ हा प्रकार आरशातल्या प्रतिबिंबासारखा, हुबेहूब. त्याच्याही कितीतरी आधी कालिदासानं ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात चित्रकार आणि मॉडेल यांच्या नात्याचा जो प्रसंग रंगवला, तो आजच्या कलासमीक्षकालाही लाजवेल. राजा अग्निमित्र आधी मालविकेचं चित्र बघतो आणि शंका घेतो की चित्रकारानं हिला जरा जास्तच देखणी केली असावी. मग ती विदर्भकन्या प्रत्यक्ष समोर नाचायला उभी राहते. राजाचं मत उलटं होतं: चित्रकाराचं चित्त ढळलं असणार, नाहीतर इतकं कमी कसं उतरलं? दोष रेषेचा नाही, हाताचा नाही, एकाग्रतेचा. पण मालविका त्या चित्रासाठी कुठे बसली, किती वेळ बसली, कंटाळली का, याबद्दल नाटकात चकार शब्द नाही. समोरचं माणूस हे आपल्या परंपरेत चित्राचं कारण होतं. त्याचं बसणं हे काम आहे, असं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते काम म्हणून आलं मुंबईत, बोटीनं.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग सुरू झाले. विलायती कलाशाळेचा क्रम ठरलेला असे. आधी छापील नमुन्यांची नक्कल, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती, आणि सगळ्यांत शेवटी जिवंत माणूस. जे.जे.त पहिल्या दोन पायऱ्या चढता चढताच पिढ्या गेल्या. गिरगावातला, कोल्हापुरातला पोरगा व्हीनसचं पांढरं फटक नाक महिनोन् महिने घोटत बसे. प्लास्टरचा पुतळा हलत नाही, घामेजत नाही, चहा मागत नाही. शिक्षकांना तो फार सोयीचा. त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून जे.जे.ची मुलं घेऊन अजिंठ्याला जात होते आणि लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करून घेत होते. म्हणजे निजामाच्या मुलखात नेहमीच्या वर्गाबाहेरचं असं एक कलाशिक्षण चाललं होतं, जिथं मुलं बोधिसत्त्वाच्या झुकलेल्या मानेकडे बघून शिकत होती. तीही मान कुणा जिवंत माणसाची नव्हतीच.

त्या ग्रिफिथ्सच्या तुकडीतले पेस्तनजी बोमनजी यांनी जिवंत माणूस शोधला तो पारशी घरांत. पोपटाला खाऊ घालणारी त्यांची पारशी बाई १८८२ची. घरातलं माणूस फुकट मिळतं, उठून जात नाही आणि त्याच्या चेहऱ्यावरची ओळख चित्रात आपोआप उतरते. महाराष्ट्रातल्या मॉडेलची खरी परंपरा इथं सुरू होते असं मला वाटतं. वर्गात नव्हे, माजघरात.

राजा रविवर्म्यांची गोष्ट निराळी. त्यांना देव-देवतांना अंग द्यायचं होतं, तेही खऱ्या बाईचं, खऱ्या लुगड्याच्या चुण्यांसकट. पण खानदानी घरातली बाई परक्या पुरुषापुढे तासन् तास बसणार कशी? म्हणून गाण्या-नाचण्याचा पेशा असलेल्या घरांकडे, त्यातही गोव्याकडून मुंबईत आलेल्या कलावंत स्त्रियांकडे, चित्रकारांची पावलं वळली. भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचं नाव रविवर्मा आणि चित्रकार धुरंधर या दोघांशीही जोडलं जातं. या कथा जरा बेतानं घ्याव्यात. अंजनीबाईंचा जन्म १८८३चा, आणि त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं चांदण्यातल्या स्त्रीचं चित्र १८८९चं धरतात. सहा वर्षांच्या मुलीवरून ती विरहिणी काढली, असं मानायला माझं मन घेत नाही. सुंदर गायिका आणि सुंदर चित्र दिसलं की लोक दोघांची गाठ मारून टाकतात.

एवढं मात्र खरं की रविवर्म्यांनी मुंबईत १८९४ मध्ये छापखाना काढला आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती गावोगावच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. कुणीतरी बाई एका खोलीत मान किंचित वळवून, हात उचलून थांबली होती, आणि तिच्या त्या थांबण्याला मराठवाड्यातल्या घरांत हळदकुंकू लागलं. कलाशाळेतली मॉडेल गावाकडे पोचायच्या आत ही मॉडेल देवी होऊन पोचली होती.

जे.जे.च्या वर्गातली शेवटची पायरी चढली ती १९१९ मध्ये. ग्लॅडस्टोन सॉलोमन नावाचे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले गृहस्थ मुंबईत आले आणि त्यांनी विवस्त्र मॉडेलवरून चित्रणाचा वर्ग उघडला. तिकडे कोलकात्यात नेमका उलटा वारा होता. तिथल्या कलाशाळेचे प्रमुख हॅवेल यांनी शाळेतून विलायती नमुने बाहेर काढले होते आणि अवनींद्रनाथ ठाकूर १९१४ मध्ये भारतीय शरीररचनेवर लिहिताना अवयवांसाठी पुन्हा पानं, फुलं, प्राणी यांच्या उपमांकडे गेले होते. बंगालच्या लेखी मुंबईचा हा वर्ग म्हणजे साहेबाची नक्कल. सॉलोमन यांचं म्हणणं असं की ज्या मुलाला खरं अंग येतं त्यालाच अंगाचा अलंकार करता येतो. म्हणून त्यांनी याच मुलांकडून भित्तिचित्रंही करून घेतली, आणि त्यांचं काम दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंतींपर्यंत गेलं. या भांडणात मी मुंबईच्या बाजूचा. उपमेतला खांदा कधी दुखत नाही, आणि दुखणारा खांदा बघितल्याशिवाय रेषेला वजन येत नाही.

मॉडेलला काय करायचं असतं? काहीच नाही, असं बघणाऱ्याला वाटतं. वर्गात मध्ये चौथरा, भोवती मुलांची ईझल. मॉडेल उभं राहतं आणि त्याच्या पावलांभोवती खडूनं खुणा करतात, म्हणजे विश्रांतीनंतर पाऊल पुन्हा त्याच जागी पडावं. साधारण वीस-पंचवीस मिनिटं झाली की थोडी विश्रांती. एकच पोझ कित्येक दिवस चालते. पहिल्या पाच मिनिटांतलं अंग आणि शेवटच्या पाच मिनिटांतलं अंग एक नसतं: ज्या पायावर भार त्याच्या बाजूची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो, लोंबत्या हातात रक्त उतरून बोटं लालसर होतात. चित्र काढणाऱ्याला यांतला एक क्षण निवडायचा असतो आणि बाकीचे विसरायचे असतात. हात वर करून तर कुणी फार वेळ उभं राहूच शकत नाही. म्हणून युरोपातल्या कलाशाळांत मॉडेलच्या हाती काठी देत किंवा छतावरून दोरी सोडत. जुन्या विलायती अभ्यासचित्रांत इतके पुरुष काठी धरून का उभे आहेत, याचं उत्तर हेच. काठीचा भाला पुढे चित्रकार करायचा.

सरावलेली मॉडेल आपल्याला पेलेल अशीच पोझ देते, आणि ती देताना चित्राचा निम्मा आराखडा तीच ठरवते. पाठ किती वळवायची, नजर कुठं टाकायची, हे मास्तर सांगतात खरे. पण ते टिकवायचं कसं हे तिला ठाऊक असतं. नवख्या मुलाचा हात पहिल्या दिवशी थरथरतो, तो कागदात डोकं घालून बसतो. दोन-चार दिवसांत त्याला समोर बाई दिसेनाशी होते, पेन्सिल हातभर लांब धरून तो डोक्याच्या मापानं उंची मोजू लागतो. त्याला निर्ढावतं करण्याचं काम मास्तरांइतकंच त्या बाईच्या निवांतपणानं केलेलं असतं.

लंडनमध्येही हा निवांतपणा सहज आला नव्हता. चित्रकार योहान झोफानी यांनी १७७२ मध्ये रॉयल अकॅडमीच्या सभासदांचं एक समूहचित्र केलं. त्यात पुरुष सभासद नग्न मॉडेलभोवती जमले आहेत. अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्री सभासद मात्र भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहेत, कारण त्या खोलीत त्यांनी असणं सभ्यतेला धरून नव्हतं.

आता माजलगावच्या शाळेत या. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना इथलीही मुलं बसतात. वस्तुचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन आणि स्मरणचित्र. तांब्या-पेला, वांगी-टोमॅटो समोर ठेवून काढायचे. माणूस मात्र आठवून काढायचा. आठवडी बाजार, बसस्टँड, पोळा, ऊसतोड: पोरं बैलगाडीच्या मागून कोयता घेतलेली बाई काढतात. आई-बाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले की दिवाळीही फडावरच होते, अशा घरातल्या मुलाला ते दृश्य कुणी सांगायला लागत नाही. पण काढताना त्याचा हात बाईची जी आकृती काढतो ती मार्गदर्शकातून आलेली, गाठोड्याला पाय लावल्यासारखी. वाकलेल्या पाठीचं वजन कुठं पडतं, हे त्याला माहीत आहे आणि तरी कागदावर येत नाही. कारण शाळेत कुणी कुणासमोर कधी बसलेलंच नसतं. स्मरणचित्राला मी नावं ठेवत नाही, ती आपली जुनी वाट आहे. पण पुरुषोत्तमाच्या मूर्तिकाराच्या पाठीशी नवतालाचं माप होतं. या पोरांच्या पाठीशी तेही नाही आणि समोरचं माणूसही नाही.

माणूस समोर असला की काय होतं, ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या त्या प्रसिद्ध जलरंगात दिसतं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली ती दिवा घेतलेली तरुणी. कित्येक जण आजही तिला रविवर्म्यांची समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, चित्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झालं. समोर उभी होती हळदणकरांची मुलगी गीता. ज्योतीपुढे आडवा धरलेला तिचा तळवा, बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड, हे कुठल्याही तालमापात लिहिलेलं नाही आणि आठवूनही काढता येत नाही. कुणीतरी जळता दिवा हातात धरून उभं राहावं लागतं, आणि हलून चालत नाही. गीता उपळेकर २०१८ मध्ये कोल्हापुरात गेल्या, वयाची शंभरी ओलांडून, आणि त्या चित्रातल्या तरुणीचं नाव वर्तमानपत्रांत छापून आलं. वासुदेव कामत यांनी काढलेल्या त्यांच्या पत्नीच्या व्यक्तिचित्राला २००६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तिथंही मॉडेल कोण हे चित्राच्या नावातच आहे.

घरातल्या मॉडेलला नाव असतं. रोजावर बसणारीला नसतं. चित्रकार म. रा. आचरेकर यांनी ‘रूपदर्शिनी’ या पुस्तकात जिवंत मॉडेलची रेखाटनं आणि प्राचीन शिल्पांतली अंगं शेजारी शेजारी मांडली, मुंबई आणि बंगाल यांच्या जुन्या भांडणाचा इतका समंजस निवाडा दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही. पण अशा अभ्यासचित्रांखाली ‘बसलेली स्त्री’, ‘पाठमोरी’ एवढंच लिहायची रीत. खटला झाला तोही चित्रकारावर. १९५४ मध्ये अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ या चित्रांबद्दल अश्लीलतेचा आरोप ठेवला गेला आणि ते सुटले. १९६९ मध्ये तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये कलेसाठी अपवाद आला. चित्रकाराला संरक्षण मिळालं.

रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट मुंबईच्या कलाशाळेत बसणाऱ्या एका मॉडेलवर आहे. लेखन सचिन कुंडलकर यांचं. २०१७ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून तो ऐन वेळी वगळला गेला. पुढे विद्या बालन यांच्या समितीनं एकही कात्री न लावता त्याला प्रमाणपत्र दिलं आणि एप्रिल २०१८ मध्ये तो लागला. त्यातली यमुना कल्याणी मुळे यांनी केली आहे आणि तिला या कामात आणणारी आक्का छाया कदम यांनी. यमुना आपलं काम स्वतःच्या मुलापासून लपवते. बाईला चौथऱ्यावर लाज वाटत नाही, घरी वाटते. आणि ती लाज तिच्या पोटापाण्याशी, पोराच्या शिक्षणाशी बांधलेली असते. अभ्यासचित्राखाली मॉडेलचं नाव यावं असं मला फार वाटतं. पण त्यासाठी तिला विचारायला गेलो, तर ती बहुधा नकोच म्हणेल.